महसीरचं बीज देणारं केंद्र: आधी नदी विचारतात, मग आकडा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, भीमेच्या खोऱ्यातल्या एका धरणावर आमच्या मच्छिमार सहकारी संस्थेचा ठेका आहे. संस्थेचं दप्तर, पावत्या, बीजाच्या नोंदी मी बघते. सचिव म्हणून सही माझी असते. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आम्ही इतर संस्थांसारखीच विकत घेतो. त्याच्या जोडीला गेली काही वर्षं महसीर या नदीतल्या मोठ्या माशाचं बीज, म्हणजे सोडायची पिल्लं, एका केंद्राकडून घेतोय. तिथला व्यवहार इतका वेगळा आहे की त्यावर नीट लिहायलाच हवं होतं. आसपासच्या संस्थांचे फोनही येतात, तुम्ही कुठून आणता, परवडतं का, जगतं का. हे त्या सगळ्यांसाठी.

केंद्राचं नाव इथे देत नाही, कारण ती त्यांचीच विनंती आहे. नाव फिरलं की पार कोकणातून, विदर्भातून मागण्या सुरू होतात आणि त्यांचा सगळा दिवस नाही म्हणण्यात जातो. भीमेच्या खोऱ्यातली कुठली संस्था असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा, पत्ता मिळेल.

पहिला फोन मामंजींनी केला होता, संस्थेचे अध्यक्ष तेच. बीज विकणारा कुणीही आधी किती लाख हवंय ते विचारतो. इथे पलीकडच्या मॅडमनी विचारलं, "काका, तुमच्या धरणात वरून ओढे किती येतात? त्यातला बारमाही कुठला? तळाला गोटे आहेत की गाळ? शेवटचा महसीर जाळ्यात कधी आला, आणि केवढा होता?" मामंजी सगळ्या धरणाचा काठ तोंडी सांगत बसले. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, बीज कधी मिळेल मग?" त्यावर उत्तर आलं, "आधी आम्ही येऊन ओढे बघतो. तुमच्याकडे मासा अजून शिल्लक असेल तर बीज त्याच माशाचं करू. दुसरीकडचं आणून तुमच्यात सोडणार नाही."

आमच्या काही सभासदांना हे आवडलं नव्हतं. पैसे देतोय तर माल द्यावा, असं त्यांचं म्हणणं. एका सभासदाने मोबाईलवर हिमालयातला सोनेरी महसीर पाहिला होता आणि त्याला तोच हवा होता, दिसायला देखणा म्हणून. मॅडमनी त्याला साफ नाही सांगितलं. माझ्या मते या सेवेचे निम्मे गुण तिथेच, त्या नकारात आहेत. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

निळसर परांचा, म्हणजे पोहायच्या पंखांचा, दख्खनी महसीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, हा मासा आमच्याच भागातला. कर्नल साइक्सने 1839 मध्ये त्याचं वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे धरणांनी वाटा अडवल्या, नद्यांत सांडपाणी आलं, ओढ्यांत जिलेटिनच्या कांड्या आणि ब्लीचिंग पावडर आली, आणि मासा आटत गेला. 1970 च्या सुमारास लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तळ्याकाठी, सी. व्ही. कुलकर्णींनी तळ्यातल्या मादीची अंडी हाताने काढून, फळवून, वाहत्या पाण्यात पिल्लं काढून दाखवली. एस. एन. ओगल्यांनी ते काम पुढे कित्येक वर्षं चालवलं. महसीरची अंडी ओल्या कापसात बांधून विमानाने दूरवर पाठवता येतात, हेही त्या दोघांनी 1979 मध्ये छापून प्रसिद्ध केलं. आज देशात महसीर वाचवायची जी कामं चालू आहेत, त्यातल्या बऱ्याच कामांचा पाया त्या तळ्याकाठी घातला गेला. आम्हा भीमेकाठच्या लोकांना याचा अभिमान वाटायला हवा, आणि मला वाटतो.

पण त्याच बीजाची दुसरीही हकिगत आहे, आणि केंद्रातले लोक ती प्रत्येक नव्या संस्थेला बसवून सांगतात. 1970 च्या दशकात लोणावळ्याचं बीज कर्नाटकात कावेरीत सोडलं गेलं. हेतू चांगलाच होता. तिथला मासा कमी होतोय, तर भर घालू, एवढाच विचार. कावेरीचा स्वतःचा महसीर मात्र वेगळा, पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, पन्नास किलोच्या पुढे जाणारा. गळाने मासे धरून परत सोडणाऱ्या हौशी लोकांनी तिथे 1998 ते 2012 पर्यंत नोंदी ठेवल्या होत्या. त्या नोंदी शास्त्रज्ञांनी उघडल्या तेव्हा दिसलं की निळ्या परांचा मासा वाढत गेलाय आणि कावेरीचा मूळचा मासा जवळजवळ दिसेनासा झालाय. त्या मूळच्या माशाचं नेमकं नाव, टॉर रेमादेवी, 2018 मध्ये कुठे पक्कं झालं, आणि त्याच वर्षी तो धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत अतिधोक्याच्या गटात गेला. वाळूउपसा, सुरुंग, धरणं ही कारणं होतीच. तरी आमचा मासा दुसऱ्याच्या नदीत घरचा धनी होऊन बसला, ही गोष्ट खरीच आहे.

म्हणून नदी आधी. आकडा मागून.

आपला दख्खनी महसीर 2011 मध्ये लाल यादीत धोक्यातला होता. पुढच्या पाहणीत त्याला कमी चिंतेच्या गटात टाकलं. ही बातमी आली तेव्हा आमच्या मासिक सभेत कुणीतरी म्हणालं, आता कशाला खर्च करायचा. यादी सगळ्या मुलखाची मिळून असते. आमच्या वरच्या ओढ्यात सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी महसीर पाहिलेला नव्हता, ही त्या गावाची यादी. ठराव मी तसाच लिहिला आणि तो मंजूर झाला.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते.

मासा पकडायचं काम आमचं. श्रावणात पाऊस उघडझाप करायला लागतो, ओढ्याचं गढूळ पाणी निवळायला लागतं, तेव्हा माद्या ओढ्याच्या तोंडाशी चढायला बघतात. त्या रात्री मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, जाळं तिथे लावायचं. लावून घरी यायचं नाही. होडीतून सारखी फेरी मारत राहायची, मासा अडकला की लगेच सोडवायचा. रात्रभर अडकून राहिलेली मादी सकाळी जिवंत असली तरी तिची अंडी कामाची राहत नाहीत. सोडवलेला मासा पाण्यातच लावलेल्या हाप्यात, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवायचा. केंद्राची गाडी, त्यांची दोन-तीन माणसं आणि ट्रे काठावर बॅटरीच्या उजेडात तयार असतात.

मी हे काठावर उभी राहून पाहिलेलं आहे, म्हणून बारकाईने सांगते. मादी ओल्या फडक्यात गुंडाळतात, डोळ्यांवरही फडकं येतं, त्याने ती शांत होते. एक जण शेपटीकडून धरतो, दुसरा अंगठा पोटावरून मागे हलकेच फिरवतो. अंडी आपसूक ओघळली तर ठीक. अडकली तर जोर लावत नाहीत, मादी तशीच पाण्यात जाते. आमच्या एका म्हाताऱ्या काकांनी एकदा सुचवलं, "अजून जरा दाबा की, येतील." केंद्रातला तरुण त्यांना म्हणाला, "काका, ही पुढच्या वर्षीही यायला पाहिजे."

अंडी पडतात ती कोरड्या ट्रेमध्ये. ट्रे, हात, माशाचं पोट, सगळं आधी पुसून कोरडं करतात, कारण पाणी लागलं की अंड्याचं सूक्ष्म दार थोड्याच वेळात मिटतं आणि नराचं वीर्यही लगेच जागं होऊन लगेच संपतं. रंग पिवळसर सोनेरी, आकार कोरड्या साबुदाण्याएवढा. रोहूची एक मादी किलोमागे लाख-दोन लाख अंडी देते. महसीरची मादी किलोमागे काही हजारांवर थांबते. ट्रेमध्ये पडलेला प्रत्येक दाणा म्हणून मोलाचा.

मग मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. एका मादीची अंडी ते तीन-चार वाडग्यांत वाटून घेतात आणि प्रत्येक वाडग्याला वेगळा नर देतात. सगळ्या नरांचं वीर्य एकत्र कालवलं तर काम सोपं होतं, पण त्यात एखादा जोमदार नरच बहुतेक अंडी फळवून मोकळा होतो आणि बाकीच्यांचा वंश त्या पिढीत येतच नाही. वाडगे वेगळे ठेवले की प्रत्येकाचा वाटा राहतो. पिसाने हलकेच ढवळतात, मग पाणी घालून दोन-तीनदा धुतात, आणि प्रत्येक वाडग्याला नंबर पडतो. मादीला आणि नरांना आधी खूण तपासतात: काचेची 12 मिलिमीटरची चिप कातडीखाली असेल तर यंत्रावर नंबर उमटतो आणि कळतं की ही आधी आलेली आहे. नसेल तर नवी चिप बसवतात, पराचा छोटा तुकडा स्पिरिटच्या कुपीत घेतात. उजाडायच्या आत सगळे मासे आमच्याच पाण्यात परत. एकही केंद्रावर नेत नाहीत.

अंडी मात्र जातात, ओल्या कापसाच्या थरांत, चपट्या डब्यांतून. लोणावळ्याची ती जुनी रीत इथे अजून चालते.

केंद्रावर पत्र्याच्या शेडमध्ये जाळीदार तळाचे ट्रे ओळीने लावलेले आहेत आणि तळ्याचं पाणी गाळून त्यातून सतत वाहतं. अंडं मेलं की पांढरं पडतं आणि त्यावर बुरशी धरते. ती शेजारच्या चांगल्या अंड्यावर जाते. म्हणून दोन बायका रोज सकाळी चिमट्याने पांढरी अंडी वेचत असतात. मीही त्यांच्याशेजारी बसून वेचली आहेत. पाण्याच्या उष्म्याप्रमाणे अडीच ते चार दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. ती पोहत नाहीत. ट्रेच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगाखाली डोकी खुपसून घोळक्याने पडून राहतात आणि सगळ्यांच्या शेपट्या एकसारख्या थरथरत असतात. उजेड पडला की आणखी आत शिरतात. ओढ्यात ती गोट्यांच्या फटीत असंच करत असणार. पोटाची पिशवी संपायला आठवडा-पंधरवडा लागतो आणि या काळात ती सगळ्यात नाजूक असतात. ओढ्यात तळ गाळाने बुजला असेल तर लपायला फटच नाही, हे त्या ट्रेकडे बघून मला पहिल्यांदा नीट समजलं. कितीही माहितीपत्रकं वाचली तरी ते तसं समजत नाही. संस्था या कामात पडणार असेल तर चार सभासद तरी त्या शेडमध्ये नेऊन आणा.

हे सगळं आमचं एकट्याचं नाही. याच खोऱ्यातल्या आणखी काही संस्था यात आहेत. उन्हाळ्यात केंद्रावर सगळ्यांची बैठक होते. कुणाच्या पाण्यातून किती माद्या आल्या, कुठला नर पुन्हा पुन्हा वापरला गेला, कुणाचं बीज कुठल्या ओढ्यात गेलं, ही वही सर्वांपुढे उघडते. एखाद्या धरणात नर कमी पडत असतील तर खोऱ्यातल्याच दुसऱ्या धरणातले नर वापरायचे का, हे तिथे ठरतं आणि दोन्ही संस्थांच्या सह्या होतात. थोडी पिल्लं मोठी करून दोन वेगळ्या ठिकाणच्या तळ्यांत राखीव ठेवतात, एका ठिकाणी रोग आला तर सगळं जाऊ नये म्हणून. पण त्या राखीव माशांपासून सरसकट बीज काढत नाहीत. तळ्यात खाद्यावर वाढलेला मासा पिढ्यांमागून पिढ्या तळ्यालाच सोकावतो, आणि आम्हाला हवा आहे पुरात ओढा चढणारा मासा.

पैशाचं बोलायला हवं. महसीरची बोटुकली कटल्याच्या कित्येक पट महाग पडते. दर दरवर्षी बदलतो, म्हणून आकडा देत नाही. पण ज्या संस्थेने नर-मादी दिल्या तिला दरात मोठी सवलत आहे. शिवाय जाळ्याच्या रात्रीची मजुरी केंद्र देतं, आणि चुकून अडकलेला मोठा महसीर सोडवायला जाळं कापावं लागलं, फाटलं तर त्याची भरपाई मिळते. ही शेवटची अट फार शहाणपणाची आहे. गरीब मच्छिमाराला मासा सोड म्हणणं सोपं, पण त्याचं जाळं फाटलेलं असतं. ती अट आल्यापासून आमच्याकडे मासा सोडल्याच्या नोंदी खऱ्या व्हायला लागल्या.

बोटुकली येते ती पावसाळा सरल्यावर, दोन-तीन इंचांची झाली की. आदल्या दिवशी तिला उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीत पाणी घाण होत नाही. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या भल्या पहाटे निघतात. पोचल्यावर पिशवी तशीच पाण्यात तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं, मग तोंड उघडून थोडं थोडं धरणाचं पाणी आत घ्यायचं, आणि पिल्लं आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबायचं. भिंतीजवळच्या खोल पाण्यात सोडायचं नाही. वर, ओढ्याच्या तोंडाशी, गोट्यांच्या उथळ काठाला. केंद्राचा माणूस सोबत येतो आणि जागा तोच दाखवतो. कटल्याच्या बीजाच्या गाडीवाल्याला भिंतीवरूनच पिशव्या ओतायची घाई असते. इथे तसं होत नाही.

एका वर्षी त्यांनी आम्हाला बीज द्यायला नकार दिला, आणि ते मला मुद्दाम सांगायचं आहे. वरच्या गावाकडे रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. खोदलेली माती आणि मुरूम ठेकेदार सरळ ओढ्याच्या काठाला ढकलत होता. पावसात ते सगळं खाली आलं आणि ओढ्याचं तोंड गाळाने भरलं. केंद्राचे लोक नेहमीप्रमाणे बीजाच्या आधी पाहणीला आले, गुडघाभर पाण्यात उतरले, हाताने तळ चाचपला आणि म्हणाले, इथे सोडणं म्हणजे पिल्लं मारणं. आमचा आगाऊ भरलेला पैसा त्यांनी परत केला. सभेत भांडण झालं. आमच्याच माद्यांची अंडी, आमचीच रात्रपाळी, आणि बीज शेजारच्या संस्थेला? काही सभासद मला म्हणाले, "ताई, लिहून द्या, पुढच्या वर्षीपासून बंद."

मी लिहून दिलं नाही. शेजारची संस्था त्याच खोऱ्यातली, तिचा ओढा चांगला होता, आणि पिल्लं जगणं महत्त्वाचं होतं. पण त्या नकाराचा जोर आम्हाला ग्रामसभेत वापरता आला. बीज केंद्राने ओढा नाकारला, याचं पत्र मी मागून घेतलं होतं. ते ग्रामसभेत वाचून दाखवलं तेव्हा ज्यांना माशाशी देणंघेणं नव्हतं तेही ऐकत बसले, कारण त्याच ओढ्यावर त्यांची विहीर होती. माती टाकणं थांबलं. पुढच्या पावसात पुराने बराच गाळ धुऊन नेला, उरलेला आम्ही श्रमदानाने उकरला, आणि नंतरच्या पाहणीत केंद्राने होकार दिला. विकणाऱ्याने विकायला नकार देऊन गिऱ्हाइकाचं भलं करावं, असा व्यवहार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता उणिवा. त्या आहेत आणि केंद्रालाही मी तोंडावर सांगितल्या आहेत.

गाडीची वेळ भरवशाची नाही. एकदा पहाटेची गाडी वाटेत बंद पडली आणि पिशव्या आमच्याकडे पोचल्या त्या भर दुपारच्या उन्हात. वरच्या थरातल्या पिशव्यांमधली बरीच पिल्लं मेली होती. मेलेली मोजून तेवढं बीज त्यांनी नंतर दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसरी गाडी तयार ठेवणं किंवा निदान पिशव्यांवर ओली गोणपाटं टाकणं, एवढं तर करता आलं असतं. आता गोणपाटं आम्हीच पाठवतो.

दुसरं, पराच्या तुकड्यांचे निकाल. जाळ्यात आलेल्या लहान महसीराच्या पराचा तुकडा आम्ही कुपीत घालून पाठवतो, म्हणजे तो सोडलेल्या बीजातला की ओढ्यात आपणहून जन्मलेला, हे आईबापांच्या तुकड्यांशी ताडून कळतं. सगळ्या कामाचा खरा निकाल तोच. पण तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत होते आणि उत्तर यायला इतका काळ जातो की आधीचा निकाल हाती येईपर्यंत पुढच्या बीजाचा निर्णय घेऊन झालेला असतो. ओढ्यात आपणहून जन्मलेले मासे दिसायला लागले तर बीज सोडणं कमी करायचं, असं करारात लिहिलं आहे. ते कलम मला फार पटतं, कारण यात बीज विकणारं केंद्रच सांगतं की एक दिवस आमच्याकडून घेणं बंद करा. पण निकालच वेळेवर नसेल तर ते कलम पाळणार कसं?

तिसरं, जाळ्याच्या रात्रीचं प्रशिक्षण सुरुवातीला फक्त पुरुषांना दिलं. आमच्याकडे होडी वल्हवणाऱ्या, जाळं सोडवणाऱ्या बायका आहेत. लहान आसाच्या जाळ्यातून मासा न दुखवता काढण्यात त्यांचा हात जास्त बसलेला आहे. मी पत्र दिलं, पाठपुरावा केला, तेव्हा बायकांची तुकडी घेतली. हे मागावं लागायला नको होतं.

टिलापिया या बाहेरून आलेल्या माशाबद्दलही केंद्राकडे ठोस उत्तर नाही. आमच्या धरणात तो भरपूर आहे, काठाच्या उथळ पाण्यावर त्याचंच राज्य, आणि महसीरची पिल्लं नेमकी तिथेच सोडायची असतात. सोडण्याआधी काही दिवस त्या भागात बारीक आसाच्या जाळ्याने टिलापिया काढा, एवढाच सल्ला मिळतो. आम्ही काढतो, बाजारात विकतो, तो पुन्हा येतो.

एवढं सगळं धरून मी पाचापैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण गाडी आणि निकालांमुळे कापला.

ज्या संस्थेला दीड-दोन वर्षांत वजन काढून ठेक्याची रक्कम भरायची आहे तिने या बीजावर हिशेब मांडू नये. महसीर सावकाश वाढतो. कटला पहिल्याच वर्षी किलोच्या घरात जातो, हा नाही. कटला-रोहूवर संस्था चालवायची आणि महसीर ओढ्यासाठी सोडायचा, हे दोन वेगळे खर्च आहेत, आणि आम्ही वहीतही ते वेगळे लिहितो. महसीर आम्ही विकत नाही. जाळ्यात आला तर मोजून, नोंद करून सोडतो. वैतरणेकाठी तिळशाला देवाच्या डोहातले महसीर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. आमच्या काठाला तसं देवस्थान नाही, म्हणून संस्थेचा ठराव आहे.

तुमच्या संस्थेला हे करायचं असेल तर अर्जाआधी एवढी तयारी ठेवा. वरच्या ओढ्यांचे उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले फोटो, तळाचा जवळून काढलेला फोटो धरून. गेल्या काही वर्षांत कुणाच्या जाळ्यात महसीर आला, कुठे, केवढा, याची जुन्या माणसांकडून घेतलेली माहिती, नावांसकट. आधी कधी बाहेरून महसीरचं बीज आणून सोडलं असेल तर ते लपवू नका. परांच्या तपासणीत ते कळतंच, आणि केंद्राला त्यावरून पुढचं ठरवायचं असतं. अर्ज माघ-फाल्गुनात द्या, म्हणजे उन्हाळ्यात ओढ्याची पाहणी होते आणि श्रावणापर्यंत जाळी, हापे, माणसं ठरतात. आणि पिशवीसोबत येणारी चिठ्ठी मराठीत मागा. आम्हाला अजून इंग्रजीत येते, वाडग्याचे नंबर आणि आईबापांच्या चिपांचे आकडे मी स्वतः बसून मराठी वहीत उतरवते. यंदाच्या उन्हाळ्याच्या बैठकीत हा विषय मी लेखी दिला आहे.